पार्श्वसंगीताची तालीम कोणी द्यायची?

पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने तयार केलेला 'राजी' हा व्हिडिओ गेम २०२० मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याचे कौतुक मुख्यतः त्याच्या भारतीयपणासाठी झाले. असुरांच्या तावडीत सापडलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी वाड्यांची आठवण करून देणाऱ्या इमारती, पहाडी चित्रशैलीचे रंग आणि छायाबाहुल्यांतून उलगडणारे प्रसंग, असे सारे इथलेच होते. संगीत मात्र लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे होते. त्या निवडीत गैर काहीच नाही, आणि ते संगीत आवर्जून ऐकावे असे आहे. तरीही पुण्यासारख्या शहरात, जिथे पेठापेठांतून गाण्याचे क्लास चालतात, जिथे सवाई गंधर्व महोत्सवाला एकेकाळी लोक सतरंज्या घेऊन रात्र काढत, जिथे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे आणि देशातली सर्वांत नावाजलेली चित्रपटसंस्था आहे, तिथे दृश्यासाठी आणि खेळासाठी संगीत रचण्याचे रीतसर शिक्षण घेतलेला तरुण शोधायचा म्हटले तर कोणाचे दार ठोठवायचे, हा प्रश्न त्या निमित्ताने पडायला हवा होता. माझ्या माहितीतल्या कोणाला तो फारसा पडला नाही.

चित्रपट आणि व्हिडिओ गेम यांसाठीची संगीतरचना हा आपल्या सार्वजनिक विद्यापीठांत पूर्ण पदवीचा विषय असावा, असे माझे मत आहे. मात्र त्या नावाखाली संगणकावरची दोन-तीन सॉफ्टवेअर शिकवून प्रमाणपत्र देणारा आणखी एक अभ्यासक्रम निघणार असेल, तर तो न निघालेलाच बरा. ही दोन विधाने एकमेकांना छेद देणारी वाटतील. पण पहिले विधान ज्या कारणासाठी करावेसे वाटते, त्याच कारणासाठी दुसरेही करावे लागते.

हे शिक्षण पूर्वी कोणी देतच नव्हते, असे नाही. पोर्तुगीज काळातल्या गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना सोल्फेज (स्वर नावानिशी गाण्याचा पाश्चात्त्य सराव), स्वरलिपीचे वाचन आणि व्हायोलिन शिकवले जाई. चर्चमधली उपासना नीट गायली-वाजवली जावी, एवढाच त्यामागचा हेतू असे. पण त्या शाळांतून बाहेर पडलेली माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला आली आणि त्यांनी हिंदी चित्रपटसंगीताचा कणा उभारला. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे. संगीतकार पेटीवर चाल सांगे. ती वाद्यवृंदात कशी पसरायची, व्हायोलिनच्या दोन गटांनी काय वाजवायचे, गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये काय घडायचे, हे अरेंजर लिहून काढी. दृश्याखालचे पार्श्वसंगीत, ज्याला या व्यवसायात आजही नुसते 'बॅकग्राउंड' म्हणतात, तेही पुष्कळदा याच मंडळींच्या हातून उतरत असे. पुढे अनिल मोहिले यांच्यासारखे व्हायोलिनच्या रांगेतून आलेले मराठी संयोजक या परंपरेत मुरले, आणि गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतलेले प्यारेलाल देशातल्या आघाडीच्या संगीतकारांत गणले गेले.

या साऱ्यांचे खरे महाविद्यालय म्हणजे रेकॉर्डिंगचा हॉल होता. ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत बसणारा पोरगा आठवड्याभरात चार वेगवेगळ्या संगीतकारांची कामे वाजवी. कोणता स्वरमेळ हॉलमध्ये उमलतो आणि कोणता नुसता कागदावर शोभतो, बासरी कोणत्या पट्टीत व्हायोलिनखाली बुडते, ढोलकी आली की चेलोने गप्प बसायचे असते, हे त्याला कानाने कळत जाई. सहायक म्हणून नेमलेला माणूस सिटिंगला, म्हणजे चाल बसवण्याच्या बैठकीला, बसे, वादकांचे भाग उतरवून काढी, आणि एखादा भाग चुकला तर हॉलभर वादकांसमोर बोलणी खाई. ही तालीम कठोर होती, तिच्यात वशिला होता, स्त्रियांना तिथे वाद्यवृंदात फारशी जागा नव्हती. तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. पण ती फुकट होती, किंबहुना शिकता शिकता दिवसाचे पैसे मिळत, आणि तिचा खर्च निर्माता नकळत उचलत असे.

ती व्यवस्था गेली. आधी सिंथेसायझर आला, मग संगणक आला, आणि गेल्या तीसेक वर्षांत भरलेल्या हॉलची जागा एका खोलीने घेतली, जिथे एकच माणूस चाल करतो, वाद्ये भरतो, मिक्स करतो आणि पहाटे तीन वाजता फाइल पाठवून देतो. याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही, कारण या बदलामुळेच लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलाला मुंबईत खोली न घेता काम करता येऊ लागले. पण त्या खोलीत दुसरा कोणी नसतो, त्यामुळे चूक दाखवणाराही कोणी नसतो. शिवाय आधीच्या पिढीने जे लिहिले त्याचा कागदही उरला नाही, कारण रेकॉर्डिंग संपले की स्वरलिपीचे ताव सांभाळून ठेवण्याची रीत नव्हती. ते कागद कोणी जपले असते, तर आज निम्मा अभ्यासक्रम आयता हाती आला असता. म्हणजे व्यवसायाने आपल्या खर्चाने चालवलेली शाळा बंद केली आणि तिची वह्या-पुस्तकेही रद्दीत घातली, अशा ठिकाणी आपण आहोत. मग ही तालीम कोणी द्यायची?

विद्यापीठांनी द्यायची म्हटले, तर विद्यापीठे सध्या काय देतात ते पाहिले पाहिजे. मुंबई विद्यापीठात संगीताच्या अभ्यासाची पायाभरणी अशोक रानडे यांच्यासारख्या, ख्यालापासून लोकसंगीतापर्यंत आणि नाट्यसंगीतापासून चित्रपटगीतापर्यंत सर्वच संगीताकडे सारख्याच गांभीर्याने पाहणाऱ्या विद्वानाने केली. पुण्याच्या ललित कला केंद्राने संगीत, नृत्य आणि नाट्य एका आवारात आणले. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना तर गावोगावची मुले बसतात. हे मोठे काम आहे. पण या सगळ्याचा रोख मुख्यतः मैफलीच्या गायन-वादनाकडे आहे. विशारद झालेली मुलगी यमन अर्धा तास मांडू शकते, त्यातले बारकावे समजावून सांगू शकते. तिला दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांसाठी आठ ओळी लिहायला सांगा, ती गोंधळेल. त्यात तिचा दोष नाही. भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीची स्वरलिपी एकाच स्वरओळीसाठी घडवलेली आहे. एकाच क्षणी चार वेगळे स्वर चार वाद्यांत कसे ठेवायचे, हे तिच्यात सोयीने लिहिता येत नाही. त्यासाठी पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन शिकावेच लागते, आणि ते शिकल्याने कोणाचे गाणे बाटत नाही.

चित्रपटसंस्थेचे म्हणाल, तर ती १९६० मध्ये ज्या आवारात उभी राहिली ते प्रभातचे आवार. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव यांनी ज्या कंपनीच्या चित्रपटांना संगीत दिले, तिच्याच जागेत आज ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचना उत्तम शिकवली जाते. भास्कर चंदावरकरांसारख्या संगीतकाराने तिथे विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना चित्रपटातले संगीत ऐकायला शिकवले. पण संगीतरचना हा तिथला स्वतंत्र पदवीचा विषय कधी झाला नाही. दिग्दर्शन, छायांकन, संकलन, ध्वनी, पटकथा या सगळ्यांना वर्ग मिळाला. संगीतकार तेवढा बाहेरून बोलवायचा, असे आपण गृहीत धरले. वनराज भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे शिकून आले, दिल्ली विद्यापीठात त्यांनी काही वर्षे पाश्चात्त्य संगीत शिकवले, आणि मग जाहिराती, समांतर चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका यांना त्यांनी असे पार्श्वसंगीत दिले, की त्यावर आजही स्वतंत्र लेख लिहावा. विद्यापीठीय शिक्षणाने संगीतकाराची प्रतिभा मरते असे म्हणणाऱ्यांनी भाटियांचे काय करायचे ते ठरवावे. दुसरीकडे, पार्श्वसंगीत हे गाण्याहून वेगळे काम आहे, ही गोष्ट राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या व्यवस्थेतही कायमची रुजायला २००९ सालच्या चित्रपटांसाठीचे पुरस्कार उजाडावे लागले. तेव्हापासून गीते आणि पार्श्वसंगीत यांना स्वतंत्र पुरस्कार दिले जात आहेत.

हे वेगळेपण नेमके कशात आहे? चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी) धावतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा १२ चौकटींची होते, ९६ ची धरली तर १५ चौकटींची. नायिकेने दार उघडले तो क्षण मात्रेवर पाडायचा की मात्रेच्या अलीकडे, हे संगीतकाराला ठरवावे लागते, आणि त्यासाठी लयीचा हिशोब बोटांवर असावा लागतो. आपल्या मुलांना हिशोब नवा नाही. तिहाई बांधणाऱ्याला गणित शिकवायला नको. पण त्यांची काळाची कल्पना निराळी असते. विलंबित एकतालाचे एक आवर्तन पुरे व्हायला चाळीस-पन्नास सेकंद सहज लागतात, आणि तेवढ्यात पडद्यावरचे दृश्य संपून पुढचे सुरू झालेले असते. रागाचा स्वभाव टिकवून त्याचे म्हणणे अकरा सेकंदांत कसे मांडायचे, हा गंभीर रचनात्मक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्याची कोणतीही जागा आज आपल्या अभ्यासक्रमात नाही.

त्याहून अवघड म्हणजे, कुठे वाजवायचे नाही हे शिकणे. प्रभातच्या 'कुंकू' या १९३७ च्या चित्रपटात प्रचलित पार्श्वसंगीताला फाटा देऊन प्रसंगातल्याच आवाजांवर भिस्त ठेवली होती. बोलपट येऊन पाच-सहा वर्षे झाली असताना घेतलेला हा निर्णय होता. आजच्या मराठी चित्रपटांत, विशेषतः मालिकांत, शांततेची एवढी धास्ती घेतलेली दिसते, की सासूने भुवई उंचावली तरी तीनदा दणका बसतो. वर्गात एकच दृश्य संगीतासह, संगीताविना आणि चुकीच्या संगीतासह दाखवून त्यावर दोन तास भांडण करता आले, तर ही सवय बरीच कमी होईल. घरच्या खोलीत एकटा बसलेला मुलगा असे भांडण कोणाशी करणार? त्याला तर दिग्दर्शकाने आधीच एखाद्या परदेशी चित्रपटातला तुकडा दृश्याखाली लावून 'रेफरन्स' म्हणून पाठवलेला असतो, आणि 'अगदी असेच, पण वेगळे' असे काहीतरी उद्या सकाळपर्यंत हवे असते. रेफरन्सला नम्रपणे नकार कसा द्यायचा, त्यातली भावना उचलून सूर कसे सोडून द्यायचे, हाही या विद्येचाच भाग आहे.

चित्रपटापाशी थांबलो असतो तर माझा आग्रह एवढा तीव्र झाला नसता. व्हिडिओ गेममुळे तो झाला. चित्रपटाची लांबी ठरलेली असते, खेळाची नसते. खेळणारा एका गुहेच्या तोंडाशी दहा सेकंद थांबेल किंवा दहा मिनिटे, शत्रूशी लढेल किंवा पळून जाईल, आणि संगीताला दर क्षणी त्याच्यामागे जावे लागते. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये चारच मंद्र स्वर पुनःपुन्हा वाजत आणि शत्रू जसजसे घटत तशी त्यांची गती वाढत जाई. खेळणाऱ्याच्या छातीतली धडधड त्याच चार स्वरांनी वाढवली. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या लुकासआर्ट्स कंपनीने 'आयम्यूज' नावाची प्रणाली वापरात आणली, तिच्यात प्रसंग बदलला तरी संगीत मध्येच तुटत नसे, योग्य मात्रा येईपर्यंत थांबून पुढच्या धुनेत मिसळत असे. आज 'वाइज' आणि 'एफमॉड' या साधनांत संगीतकार हेच काम करतो: एकाच लयीत बांधलेले थर एकावर एक रचून ठेवायचे आणि प्रसंगाप्रमाणे ते उघडायचे किंवा मिटायचे, किंवा छोटे छोटे तुकडे असे बांधायचे, की कोणत्याही तुकड्यातून कोणत्याही तुकड्यात समेवर उतरता यावे.

समेवर, हा शब्द मी मुद्दाम वापरला. सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. कितीही भटकून आले तरी समेवर यायचे, मुखडा धरायचा, आणि सम केव्हा येणार याचे भान गाणाऱ्यासह साऱ्या श्रोत्यांना असायचे, ही आपल्या संगीताची रोजची रीत आहे. युरोपीय सिंफनीची सुरुवात आणि शेवट रचनाकाराने आधीच बांधलेले असतात. तिला खेळाच्या अनिश्चित काळात बसवण्यासाठी तोडावे लागते. आवर्तनाला तोडावे लागत नाही. तंबोऱ्याचा अखंड षड्ज खाली असला, की वरचे थर येवोत वा जावोत, पाया हलत नाही. हे साम्य वरवरचे आहे असे कोणी म्हणेल, आणि रागसंगीतापुरते बोलायचे तर मीही थोडे मान्य करीन, कारण मैफलीत काळ गायकाच्या ताब्यात असतो, खेळात तो खेळणाऱ्याच्या.

पण कोकणातला आणि गोव्यातला दशावतार पाहा. त्याला लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरते, पात्रे ठरतात, आणि संवाद रंगमंचावर उभे राहून सुचतील तसे बोलायचे असतात. राक्षस किती वेळ गर्जना करील, नारद कुठे थट्टा करील, युद्ध किती फेऱ्यांचे होईल हे कोणालाच आधी ठाऊक नसते. बाजूला बसलेले पेटी, पखवाज आणि झांज वाजवणारे तिघे त्या अनिश्चिततेवर रात्रभर संगीत घालत असतात. नट श्वास घेतो तेवढ्यात पखवाजी ओळखतो, की आता पद येणार की लढाई. लावणीत ढोलकीवाला नर्तकीच्या पायांवर नजर ठेवून बोल बदलतो. कीर्तनात बुवा आख्यान कधी थांबवून अभंगावर येतील याचा अंदाज पेटीवाल्याला असावा लागतो. गेम बनवणाऱ्या कंपन्यांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत यंत्राकडून जे करवून घेण्याची धडपड केली, ते आमच्याकडे देवळाच्या अंगणात, कंदिलाच्या उजेडात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. पखवाजी ते कसे करतो, कोणत्या खुणा वाचतो, किती प्रकारच्या तुकड्यांचा साठा डोक्यात ठेवतो, याचा कोणी बारकाईने अभ्यास केला, तर त्यातून खेळांच्या संगीताची एक स्वतंत्र पद्धत निघू शकेल, जी बॉस्टनमध्ये किंवा लॉस एंजेलिसमध्ये कोणी शिकवणार नाही. हे काम एखाद्या फ्रीलान्सरने उसंत काढून करण्याचे नाही. अशा अभ्यासासाठीच विद्यापीठ असते.

परदेशांत हे विषय विद्यापीठांत केव्हाच पोचले आहेत. बॉस्टनचे बर्कली, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठ, लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक येथे पडद्यासाठीच्या संगीतरचनेचे पूर्ण वेळेचे अभ्यासक्रम आहेत. बर्कलीच्या स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील शाखेत तर चित्रपट, दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ गेम या तिन्हींसाठी मिळून पदव्युत्तर पदवी मिळते. ग्रॅमी पुरस्कारांत व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी २०२३ पासून स्वतंत्र विभाग आहे. ज्यांच्या आईवडिलांना परवडते किंवा जे डोळे मिटून शैक्षणिक कर्ज काढू शकतात, अशी आपली काही मुले तिकडे जातात आणि चांगली तयार होऊन येतात. चेन्नईत ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये काढलेली संगीतशाळा आहे, मुंबईत काही खासगी संस्था आहेत. पण खासगी संस्थांचे शुल्क पाहता हा विषय हळूहळू सुखवस्तू घरांचा होत चालला आहे. ज्या पेशात गोव्याच्या खेड्यातला चर्चचा व्हायोलिनवादक आणि बँडपथकातला क्लॅरिनेटवाला शिरू शकत होता, त्याचे दार आता बारीक झाले आहे. सार्वजनिक विद्यापीठाचा आग्रह मी धरतो त्यामागे हे कारण पहिले आहे.

मग विद्यापीठाने काय द्यावे? माझे उत्तर एका शब्दात आहे: हॉल. सॉफ्टवेअर घरी शिकता येते. त्याचे हजारो तासांचे धडे इंटरनेटवर फुकट आहेत आणि दर दोन वर्षांनी ते शिळे होतात. घरी मिळत नाहीत ती समोर बसून वाजवणारी माणसे. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लिहिलेले संगीत दर महिन्याला किमान एकदा आठ-दहा वादकांनी वाजवले पाहिजे, आणि वाजवून झाल्यावर त्या वादकांनी तोंडावर सांगितले पाहिजे, की बाबा रे, इथे श्वास घ्यायला जागा ठेवली नाहीस, हा स्वर या सनईत निघत नाही, ही जागा घुमट या गोव्याच्या तालवाद्यावर सोपी पण हलगीवर अशक्य आहे. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका नवख्या संगीतकाराच्या रेकॉर्डिंगला बसलो होतो. त्याने संगणकावर बासरीला सलग दोन मिनिटे दमसास न घेता वाजवायला लावले होते आणि बासरीवादकाने ते पाहून शांतपणे विचारले, की मधे जेवायला सुट्टी आहे का. हॉल हसला, पण तो मुलगा त्या दिवशी जे शिकला ते त्याला कोणत्याही व्हिडिओने शिकवले नव्हते.

या हॉलमधूनच दुसरे एक काम होऊ शकते, ज्याची निकड फार कमी लोकांच्या लक्षात आली आहे. संगणकावर संगीत करणारा माणूस तयार ध्वनींच्या संचांवर अवलंबून असतो. युरोपीय वाद्यवृंदाचे असे संच व्हिएन्ना आणि लंडनमध्ये अतिशय कसोशीने मुद्रित झालेले आहेत. एका व्हायोलिनचा एकच स्वर वीस प्रकारे वाजवून ठेवलेला असतो. संबळ, चौघडा, तुतारी, दिमडी, तारपा, सोलापूरकडची सुंदरी यांचे तेवढ्या कसोशीने केलेले मुद्रण शोधायला गेले, तर हाती फारसे लागत नाही. साहजिकच जत्रेच्या दृश्याखाली परदेशी ड्रम वाजतात आणि शिवकालीन लढाईला हॉलिवूडचे ब्रास. गोव्याच्या घुमटाची गंमत तर आणखीच: घोरपडीच्या कातड्यावर वन्यजीव कायद्याने बंदी आल्यापासून ते बकऱ्याच्या कातड्याने मढवतात, आणि जुने कान सांगतात की आवाज बदलला. हे दोन्ही आवाज, वादकांना योग्य मोबदला देऊन आणि त्यांच्या लेखी संमतीने, विद्यापीठाने मुद्रित करून ठेवायला नकोत का?

आक्षेप ठाऊक आहेत. प्रतिभा शिकवता येत नाही, हा पहिला. येत नाही, मान्य. पण मराठी साहित्याचे विभागही कवी घडवण्याची हमी देत नाहीत आणि म्हणून ते कोणी बंद केले नाहीत. नोकऱ्या कुठे आहेत, हा दुसरा, आणि तो खरा आहे. मराठी चित्रपटाच्या अंदाजपत्रकात पार्श्वसंगीताला उरलेसुरले पैसे आणि उरलेसुरले दिवस मिळतात. दरवर्षी साठ पदवीधर बाहेर पडले तर त्यांतले बहुतेक पोटासाठी लग्नाचे व्हिडिओ करतील. म्हणून वर्गात दहा-बाराच जागा असाव्यात आणि त्या विद्यार्थ्यांना करार वाचता यावा, असे मी म्हणेन. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने चित्रपटातल्या संगीतकाराला चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीत हक्काचा वाटा दिला आहे, हे पुष्कळ तरुणांना सही करून झाल्यावर कळते. खेळांच्या बाबतीत तर काम बहुधा एकरकमी पैशांवर विकले जाते आणि त्यातल्या अटी वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. एका सत्राचा वर्ग यासाठी ठेवला तर तो संगीताचाच वर्ग ठरेल.

तिसरा आक्षेप सध्या सर्वांच्या तोंडी आहे: कृत्रिम बुद्धिमत्ता हे सगळे फुकटात करून देईल, मग शिकायचे कशाला? कृत्रिम बुद्धिमत्तेने गाणी बनवून देणाऱ्या सुनो आणि युडिओ या कंपन्यांना २०२४ मध्ये बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी अमेरिकेतल्या न्यायालयात खेचले, कारण आपलीच ध्वनिमुद्रणे परवानगीवाचून वापरून ही यंत्रे तयार केल्याचा त्यांचा आरोप होता. कायद्याचा निकाल काहीही लागो. 'उदास पियानो, दोन मिनिटे' या मागणीला यंत्र आजच पुरे पडते, हे नाकारून उपयोग नाही. जो अभ्यासक्रम विद्यार्थ्याला उदास पियानो लिहायला शिकवील, तो सुरू होण्याआधीच कालबाह्य आहे. नकली हॉलिवूड शिकवणाऱ्या सगळ्या वर्गांना हे लागू आहे. मात्र संबळाच्या कोणत्या बोलावर गोंधळ्याचा पाय उचलला जातो हे ज्या यंत्राने ऐकलेलेच नाही, ते त्याची नक्कल कशी करणार? काही वर्षे तरी ती जागा माणसाची आहे, आणि तेवढ्या वर्षांत माणसे तयार झाली पाहिजेत.

राहता राहिला शिक्षकांचा प्रश्न, आणि इथेच अशा योजना अडतात. सरकारी पैसा दिसत नाही असे नाही: ॲनिमेशन, गेमिंग या क्षेत्रांसाठी राष्ट्रीय पातळीवरची संस्था मुंबईत उभी राहत आहे, मे २०२५ मध्ये माध्यम-मनोरंजन क्षेत्राची 'वेव्हज' परिषदही तिथेच भरली. त्या चर्चांत चित्र आणि तंत्र यांच्यावर जेवढे बोलले जाते त्याच्या शतांशानेही संगीतावर बोलले जात नाही, ही माझी तक्रार आहे. पण पैसे मिळाले तरी शिकवणार कोण? ज्यांना हे काम येते त्यांच्याकडे नेट-सेट नाही आणि ज्यांच्याकडे नेट-सेट आहे त्यांनी हॉल पाहिलेला नाही. यावर निदान कागदोपत्री उपाय झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही तरतूद केली, तिच्यानुसार किमान १५ वर्षांचा व्यावसायिक अनुभव असलेल्या व्यक्तीला पदवीची अट न लावता, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांच्या मर्यादेत, अध्यापक नेमता येते. या तरतुदीखाली विद्यापीठांनी कंपन्यांचे अधिकारी आणि निवृत्त सनदी नोकर बोलावले, तर नवल नाही. पण त्याच तरतुदीत मुंबईतला एखादा सत्तरीचा व्हायोलिनवादक-अरेंजर बसतो, आणि सिंधुदुर्गातला दशावतारी पखवाजीही बसतो. माझ्या हाती असते तर मी या दोघांना एकाच वर्षी, एकाच वर्गाला नेमले असते. पहिल्या सत्राची परीक्षाही त्यांनाच घेऊ दिली असती: पडदा नाही, संगणक नाही, विद्यार्थ्याने पेटी घेऊन बाजूला बसायचे, समोर दशावतारी नटाने मनात येईल तो प्रवेश करायचा, आणि तो कधी गाणार, कधी लढणार, हे विद्यार्थ्याला आधी सांगायचे नाही.